व्हिटबीच्या मठाध्यक्षा संत हिल्डा (इ.स. ६१४–६८०) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संत हिल्डा कोण होत्या?

हिल्डा या सातव्या शतकातील इंग्लंडच्या उत्तर भागात, म्हणजे त्या काळच्या नॉर्थम्ब्रिया या राज्यात, होऊन गेलेल्या ख्रिस्ती मठाध्यक्षा होत्या. त्यांचा जन्म इ.स. ६१४ मध्ये झाला आणि १७ नोव्हेंबर ६८० रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. उत्तर समुद्राच्या कडेला, आज व्हिटबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, त्यांनी ६५७ मध्ये मठ स्थापन केला आणि तेवीस वर्षे तो चालवला. त्या मठात स्त्रिया आणि पुरुष दोघेही राहत आणि दोघांवरही हिल्डा यांचा अधिकार चाले. पाच बिशप त्या मठात घडले, इंग्रजी भाषेतील नावानिशी ठाऊक असलेला पहिला कवी तेथेच गाऊ लागला आणि इंग्लंडमधील चर्चच्या इतिहासाला वळण देणारी ६६४ ची धर्मसभाही तेथेच भरली. त्यांच्या नावाचे जुने रूप ‘हिल्ड’ असे आहे आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘युद्ध’ असा होतो. ज्या बाईंनी मरताना आपल्या माणसांकडे एकमेकांत शांततेने राहण्याचेच मागणे केले, त्यांचे नाव असे असावे, हे वाचताना प्रत्येक वेळी मनात येते.

त्यांच्याविषयीची माहिती आपल्याला कोठून मिळते?

जवळजवळ सर्व माहिती एकाच ग्रंथातून मिळते. नॉर्थम्ब्रियातील जॅरो येथील मठातील बीड नावाच्या विद्वान संन्याशाने ७३१ मध्ये इंग्रज लोकांच्या चर्चचा इतिहास लॅटिनमध्ये लिहून पूर्ण केला. त्याच्या चौथ्या भागातील एक प्रकरण हिल्डा यांच्यावर आहे आणि लगेच पुढचे प्रकरण त्यांच्या मठातील कवी कॅडमन याच्यावर आहे. हिल्डा वारल्या तेव्हा बीड साधारण सात वर्षांचे असतील. त्यामुळे त्यांनी हिल्डा यांना पाहिले नसले, तरी ज्यांनी पाहिले होते अशा माणसांच्या हयातीतच ते वाढले. याखेरीज बिशप विल्फ्रिड यांचे स्टीफन नावाच्या धर्मगुरूने लिहिलेले चरित्र आहे. त्यात हिल्डा यांचा उल्लेख थोडाच येतो, पण तो महत्त्वाचा आहे, कारण विल्फ्रिड आणि हिल्डा यांचे जमत नव्हते आणि तरीही विल्फ्रिड यांचा हा भक्त-चरित्रकार हिल्डा यांना पवित्र माता म्हणतो.

स्वतः हिल्डा यांनी लिहिलेली एकही ओळ आज उरलेली नाही. म्हणून पुढील उत्तरांत बीड यांनी काय सांगितले आणि नंतरच्या शतकांनी त्यात काय भर घातली, हे शक्य तितके वेगळे ठेवले आहे.

त्यांचे घराणे कोणते होते?

हिल्डा राजघराण्यात जन्मल्या. नॉर्थम्ब्रिया हे बर्निसिया आणि डेईरा या दोन जुन्या राज्यांचे मिळून बनलेले राज्य होते आणि दोन्ही घराण्यांत गादीसाठी सतत रक्तपात चालत असे. हिल्डा यांचे वडील हेरेरिक हे डेईराच्या घराण्यातील, एडविन राजाचे पुतणे किंवा भाचे. ते ब्रिटन लोकांच्या, म्हणजे इंग्रजांच्या आधीपासून त्या बेटावर राहणाऱ्यांच्या, एका राजाच्या आश्रयाला परागंदा होऊन राहिले असताना त्यांना विष देऊन मारण्यात आले. आईचे नाव ब्रेगुस्विथ. हिल्डा तान्ह्या असताना आईला एक स्वप्न पडले, असे बीड सांगतात. पती एकाएकी नाहीसा झाला आहे, ती त्याला सर्वत्र शोधते आहे आणि तो काही सापडत नाही. तेवढ्यात तिला आपल्याच वस्त्राखाली एक मोलाचा कंठा सापडतो. ती तो निरखून पाहू लागते, तसा त्याचा प्रकाश वाढत जातो आणि सारा ब्रिटन उजळून निघतो. बीड या कंठ्याचा अर्थ मुलगी असा लावतात. संतचरित्रांत अशी जन्मस्वप्ने नेहमी येतात हे खरे, पण या स्वप्नाचा पहिला अर्धा भाग, नाहीशा झालेल्या नवऱ्याला शोधणारी तरुण बाई, हा निव्वळ ठरीव अलंकार वाटत नाही.

त्यांना हेरेस्विथ नावाची एक बहीण होती. तिचा विवाह पूर्व अँग्लियाच्या राजघराण्यात झाला आणि तिचा मुलगा आल्डवुल्फ पुढे तेथला राजा झाला.

त्यांचा बाप्तिस्मा कधी झाला?

६२७ मध्ये, तेरा वर्षांच्या असताना. एडविन राजाने केंटच्या ख्रिस्ती राजकन्येशी विवाह केला होता आणि तिच्यासोबत रोमहून आलेल्या मिशनपैकी पॉलिनस हे बिशप उत्तरेत आले होते. बराच काळ विचार केल्यावर एडविन यांनी १२ एप्रिल ६२७ रोजी, ईस्टरच्या दिवशी, यॉर्क येथे घाईने उभारलेल्या लाकडी चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. राजासोबत त्याच्या कुटुंबातील आणि दरबारातील अनेकांनी नवा धर्म स्वीकारला आणि त्यांत हिल्डा होत्या. म्हणजे त्यांचा पहिला संस्कार रोमन परंपरेतील बिशपांच्या उपदेशाने झाला. पुढे त्या आयरिश परंपरेच्या बाजूने उभ्या राहिल्या, तेव्हा दुसरी बाजू ठाऊक नसल्यामुळे राहिल्या असे म्हणता येत नाही, एवढ्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

सहा वर्षांनी, ६३३ मध्ये, मर्सिया या शेजारच्या राज्यातील पेंडा आणि वेल्श राजा कॅडवॉलन यांच्याशी लढताना एडविन मारले गेले. पॉलिनस विधवा राणीला आणि तिच्या मुलांना घेऊन समुद्रमार्गे केंटला निघून गेले आणि नवे चर्च जवळपास उन्मळून पडले.

वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत त्या काय करत होत्या? त्यांचा विवाह झाला होता का?

बीड त्यांच्या आयुष्याचे दोन समान भाग पाडतात : तेहतीस वर्षे संसारी जगात आणि तेहतीस वर्षे मठात. पहिल्या भागाबद्दल त्या ‘अत्यंत उदात्तपणे’ राहिल्या, एवढेच ते म्हणतात. विवाहाबद्दल त्यांनी एक शब्दही लिहिलेला नाही. राजघराण्यातील मुलगी त्या काळी तेहतीस वर्षांपर्यंत अविवाहित राहणे विरळ होते आणि बीड इतर संत स्त्रियांच्या कौमार्याची जशी आवर्जून प्रशंसा करतात तशी हिल्डा यांची करत नाहीत, म्हणून काही अभ्यासक त्या विधवा असाव्यात असे मानतात. हा तर्क सयुक्तिक आहे, पण तो तर्कच आहे.

त्या मठाकडे कशा वळल्या?

६४७ च्या सुमारास त्यांनी देश सोडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या शेल येथील मठात जायचे ठरवले. त्यांची बहीण तेथे मठवासी झाली होती आणि इंग्लंडमध्ये स्त्रियांचे मठ अजून फारसे नव्हते. त्या आधी बहिणीच्या सासरी, पूर्व अँग्लियात, जाऊन वर्षभर राहिल्या. तेथून समुद्र ओलांडायचा, एवढेच बाकी होते.

त्या वेळी त्यांना परत बोलावणारा निरोप आला. तो पाठवणारे होते बिशप एडन. हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयोना बेटावरील आयरिश मठातून आलेले संन्यासी. एडविननंतर काही काळाने गादीवर आलेल्या ओस्वाल्ड राजाने त्यांना बोलावून लिंडिसफार्न बेट दिले होते. एडन पायी हिंडत, भेटेल त्याच्याशी बोलत आणि राजाने दिलेले दान गरिबांत वाटून टाकत. रोमन पद्धतीचे कट्टर अनुयायी असलेल्या बीड यांनाही ईस्टरची तारीख सोडली तर या माणसात नाव ठेवण्यासारखे काही सापडत नाही. एडन यांनी हिल्डा यांना वेअर नदीच्या उत्तर काठी एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन मिळवून दिली आणि तेथे मोजक्या सोबतिणींसह त्या वर्षभर राहिल्या. परदेशी जाऊन तयार मठात प्रवेश घ्यायचा, की मायदेशी राहून, जेथे अजून काहीच नाही तेथे, ते उभे करायचे, असा तो प्रश्न होता. त्यांनी दुसरी वाट धरली. पुढचे सारे त्या निर्णयातून आले आहे.

वर्षभराने त्यांना हार्टलपूल येथील मठाची प्रमुख करण्यात आले. हा मठ हेयू नावाच्या स्त्रीने स्थापन केला होता. एडन यांच्या हातून व्रतवस्त्रे घेणारी नॉर्थम्ब्रियातील पहिली स्त्री म्हणून बीड हिचा उल्लेख करतात. एडन आणि इतर जाणते लोक हिल्डा यांना वारंवार भेटायला येत आणि शिकवत. ६५१ मध्ये एडन वारले.

व्हिटबीचा मठ कसा उभा राहिला?

एका युद्धातल्या नवसामुळे. ६५५ मध्ये नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विऊ याला पेंडाच्या प्रचंड सैन्याला तोंड द्यायचे होते. विजय मिळाल्यास आपली तान्ही मुलगी देवाला वाहीन आणि मठांसाठी बारा जमिनी देईन, असा नवस त्याने केला. विनवेड नदीकाठी १५ नोव्हेंबरला झालेल्या लढाईत पेंडा मारला गेला आणि ओस्विऊने शब्द पाळला. त्याची जेमतेम एक वर्षाची मुलगी एल्फ्लेड हार्टलपूलला हिल्डा यांच्या स्वाधीन झाली. दोन वर्षांनी हिल्डा यांना समुद्रकाठच्या एका उंच कड्यावर जमीन मिळाली आणि त्या मुलीला घेऊन तेथे गेल्या. त्या जागेचे त्या काळचे नाव ‘स्ट्रेओनेशाल्ख’ असे होते. ‘व्हिटबी’ हे नाव पुढे स्कॅन्डिनेव्हियातून येऊन वसलेल्या लोकांचे आहे.

एल्फ्लेडची आई, ओस्विऊची राणी एआनफ्लेड, ही एडविन राजाची मुलगी. म्हणजे ती नात्याने हिल्डा यांची आत्या लागत होती, जरी वयाने ती त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती. नवसाचे मूल कोणाच्या पदरात घालायचे, हे ठरवताना हे नाते विचारात घेतले गेले असणार. हिल्डा यांच्या अंगात डेईराच्या जुन्या राजवंशाचे रक्त होते आणि ओस्विऊ बर्निसियाचा. त्याने ६५१ मध्ये डेईराचा राजा ओस्विन याला कपटाने मारवले होते. अशा राजाच्या घरातील मूल वाढवणे आणि डेईराच्याच भूमीवर दोन्ही घराण्यांना मान्य होईल असा मठ चालवणे, हे भक्तीइतकेच तोल सांभाळण्याचेही काम होते.

पुरुषांच्या मठावर स्त्रीचा अधिकार कसा चालत असे?

अशा मठांना अभ्यासक ‘जोड मठ’ म्हणतात. स्त्रिया आणि पुरुष एकाच आवारात, पण स्वतंत्र घरांतून राहत आणि प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमत. ही पद्धत गॉलमध्ये रुजली होती आणि तेथून इंग्लंडमध्ये आली. मठाची प्रमुख बहुधा राजघराण्यातील स्त्री असे, कारण जमीन राजाकडून आलेली असे आणि घराण्याचे मृत तेथेच पुरले जात. संस्कार देण्याचा, मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची मुख्य उपासना) अर्पण करण्याचा अधिकार पुरुष धर्मगुरूंकडेच असे. मात्र शिस्त, शिक्षण, जमिनीचे उत्पन्न, कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला पुढे पाठवायचे, हे सर्व मठाध्यक्षा ठरवत असे.

व्हिटबीत कोणी श्रीमंत नव्हते, कोणी गरीब नव्हते आणि सर्वांच्या वस्तू सर्वांच्या मालकीच्या होत्या, असे बीड लिहितात. प्रेषितांच्या काळातील पहिल्या मंडळीचा तो आदर्श होता. राजे आणि सरदारही अडचणीत हिल्डा यांचा सल्ला मागायला येत आणि तो पाळत. त्यांना ओळखणारे सर्वजण त्यांना ‘आई’ म्हणत, आणि याचे कारण बीड त्यांचे पद असे देत नाहीत. त्यांची भक्ती आणि त्यांच्यावरील देवाची कृपा, हे कारण ते सांगतात. मराठी वाचकाला हे संबोधन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्या मठात शिक्षण कसे होते?

हिल्डा यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना पवित्र शास्त्राच्या वाचनासाठी भरपूर वेळ देण्याची आणि सत्कृत्यांत गुंतून राहण्याची सक्ती केली. त्यामुळे वेदीची सेवा करण्यास योग्य अशी माणसे तेथे सहज सापडत. बीड पाच बिशपांची नावे देतात : बोसा, आएटला, ऑफ्टफोर, जॉन आणि विल्फ्रिड (वर उल्लेखलेले विल्फ्रिड हे नव्हेत, हे त्याच नावाचे धाकटे). यांपैकी बोसा, जॉन आणि धाकटे विल्फ्रिड हे तिघेही यॉर्कचे बिशप झाले, ऑफ्टफोर वूस्टरला गेले आणि आएटला डॉर्चेस्टरला नेमले गेले. जॉन म्हणजे पुढे बेव्हर्लीचे संत जॉन म्हणून प्रसिद्ध झालेले बिशप. बीड यांना डीकन आणि नंतर धर्मगुरू म्हणून दीक्षा त्यांनीच दिली. म्हणजे ज्या इतिहासकारामुळे आपल्याला हिल्डा ठाऊक आहेत, त्याच्या मस्तकावर हिल्डा यांच्याच शिष्याचे हात ठेवले गेले होते. माझ्या दृष्टीने बीड यांच्या वृत्तांताच्या जिव्हाळ्याचे एक कारण येथे आहे.

६६४ ची धर्मसभा कशासाठी भरली होती?

ईस्टर कोणत्या रविवारी पाळायचे, या वादाचा निकाल लावण्यासाठी. मराठी वाचकाला हा वाद चटकन उमगतो. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या गणितात फरक आहे आणि एखाद्या वर्षी अधिक महिना वेगवेगळा आल्यामुळे कोकणातल्या काही घरांत गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतात. ईस्टरचेही असेच आहे. ते सौर आणि चांद्र अशा दोन्ही गणनांवर अवलंबून असते : वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यालगतचा रविवार. आयोनाची मंडळी चौऱ्याऐंशी वर्षांचे जुने चक्र वापरत आणि चांद्रमासाच्या चौदाव्या ते विसाव्या दिवसांत येणारा रविवार धरत. रोमच्या बाजूचे लोक एकोणीस वर्षांच्या चक्रावर आधारलेले गणित वापरत आणि पंधराव्या ते एकविसाव्या दिवसांतला रविवार धरत. याशिवाय संन्याशांनी डोके कोणत्या पद्धतीने भादरावे, यावरही मतभेद होता.

हा वाद पोथीपुरता नव्हता, तर राजवाड्यात शिरलेला होता. ओस्विऊ आयरिश संन्याशांकडे शिकलेला आणि राणी एआनफ्लेड केंटमध्ये रोमन पद्धतीत वाढलेली. कधी कधी राजा उपास सोडून ईस्टरचा आनंद करी, तेव्हा राणी आणि तिची माणसे अजून उपास धरून झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, पाळत असत, असे बीड लिहितात. राजपुत्र आल्खफ्रिथही सावत्र आईच्या, म्हणजे रोमच्या, बाजूला झुकला होता.

सभा हिल्डा यांच्या मठात भरली. लिंडिसफार्नचे बिशप कोलमन यांनी आयरिश बाजू मांडली. त्यांनी प्रेषित योहान आणि आयोनाच्या मठाचे संस्थापक संत कोलंबा यांचा आधार घेतला. रोमच्या बाजूचे ज्येष्ठ बिशप आगिलबर्ट यांना इंग्रजी नीट बोलता येत नसल्यामुळे त्यांनी तरुण विल्फ्रिड यांना पुढे केले. दोन्ही बाजूंचे दुभाषी म्हणून बिशप चेड यांनी काम केले. विल्फ्रिड यांचे भाषण तिखट होते. सारे जग एका बाजूला आणि टोकाच्या बेटांवरचे मूठभर लोक एका बाजूला, असा त्याचा रोख होता. शेवटी रोमच्या चर्चचा मूळ आधार मानल्या जाणाऱ्या प्रेषित पेत्राला ख्रिस्ताने स्वर्गराज्याच्या किल्ल्या दिल्या, हे वचन त्यांनी पुढे केले. असा अधिकार कोलंबा यांना दिला गेला होता का, असे राजाने कोलमन यांना विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटले. मग त्या द्वारपालाला मी विरोध करणार नाही, नाहीतर मी दाराशी पोचेन तेव्हा ते उघडायला कोणी नसेल, असे म्हणून ओस्विऊने रोमच्या बाजूने निकाल दिला.

हिल्डा कोणत्या बाजूला होत्या?

कोलमन यांच्या बाजूला. बीड हे स्पष्ट नोंदवतात. हिल्डा आणि त्यांची मंडळी आयरिश पक्षात होती, असे एवढे एकच वाक्य आहे. त्या सभेत काय बोलल्या, किंवा बोलल्या की नाही, हे ते सांगत नाहीत.

पराभव झाल्यावर त्यांनी काय केले?

कोलमन यांनी निर्णय मान्य केला नाही. एडन यांच्या अस्थींपैकी काही बरोबर घेऊन, सोबत आलेल्या संन्याशांसह ते आयोनाला आणि तेथून आयर्लंडच्या पश्चिमेकडील इनिशबोफिन बेटावर निघून गेले. त्यांचा मार्गही आदरणीय आहे. हिल्डा मात्र राहिल्या. ज्या गुरूंनी त्यांना परत बोलावले होते त्यांची पद्धत त्यांच्याच घरात रद्द ठरवली गेली होती, आणि तरीही मठ त्यांनी नव्या गणनेनुसार पुढे चालवला. मठात फूट पडली नाही, कोणी निघून गेल्याची नोंद नाही आणि पुढच्या सोळा वर्षांत तो अधिकच मोठा झाला.

याचा अर्थ त्यांनी मुकाट्याने सर्व सोसले असा नव्हे. सभेतील विजेते विल्फ्रिड पुढे यॉर्कचे अत्यंत श्रीमंत आणि बलाढ्य बिशप झाले. कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर यांनी ६७८ मध्ये त्यांचा विस्तीर्ण धर्मप्रांत विभागला आणि विल्फ्रिड दाद मागायला रोमला गेले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध बाजू मांडण्यासाठी रोमला दूत पाठवणाऱ्यांत थिओडोर यांच्यासोबत हिल्डा यांचेही नाव आहे. त्या प्रसंगी डेईराचा भाग ज्या बिशपांना मिळाला ते बोसा हिल्डा यांच्याच मठातले होते. त्या वेळी त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या आणि तापाने आजारी होत्या. ज्या रोमच्या नावाने चौदा वर्षांपूर्वी त्यांच्याविरुद्ध निकाल लागला होता, त्याच रोमकडे आता त्यांनी आपले म्हणणे पाठवले. निर्णय मान्य करून त्या चौकटीत आपल्याला योग्य वाटते त्यासाठी झटत राहणे, हा त्यांच्या स्वभावाचा भाग मला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. त्यांना केवळ सोशिक आणि गोड म्हणून रंगवणारी चित्रे म्हणूनच अपुरी वाटतात.

कॅडमन कोण होता आणि हिल्डा यांचा त्याच्याशी काय संबंध?

कॅडमन हा मठाच्या जमिनीवर गुरे राखणारा, वयाने बराच प्रौढ झालेला माणूस. मेजवानीनंतर हार्प हे तंतुवाद्य हातोहात फिरे आणि ज्याच्यापाशी येई त्याने गायचे, अशी रीत होती. कॅडमनला गाणे येत नसे, म्हणून वाद्य जवळ येऊ लागले की तो उठून घरी जाई. एका रात्री तो असाच उठून गोठ्यात गेला, कारण त्या रात्री गुरांची राखण त्याच्याकडे होती, आणि तेथेच झोपला. स्वप्नात कोणी तरी उभे राहून त्याला नावाने हाक मारली आणि गायला सांगितले. मला येत नाही, म्हणून तर मी उठून आलो, असे तो म्हणाला. तरीही तुला माझ्यासाठी गायचे आहे, सृष्टीच्या आरंभाचे गा, असे उत्तर आले. आणि त्याने कधी न ऐकलेल्या ओळी गायला सुरुवात केली : स्वर्गराज्याच्या रक्षकाची आता स्तुती करू या, ज्याने माणसांच्या लेकरांसाठी आधी आकाशाचे छप्पर घातले आणि मग खालची धरती सिद्ध केली.

सकाळी तो कारभाऱ्याकडे गेला आणि कारभाऱ्याने त्याला हिल्डा यांच्यापुढे नेले. मला या कथेतील सर्वांत मोलाची जागा ही वाटते. राजघराण्यातील, लॅटिन ग्रंथांच्या सहवासात राहणाऱ्या मठाध्यक्षेपुढे एक निरक्षर गुराखी स्वप्न सांगत होता, तेही लोकभाषेतल्या गाण्याचे. त्यांनी विद्वानांना बोलावले, सर्वांसमक्ष त्याच्याकडून स्वप्न आणि गीत म्हणवून घेतले, मग शास्त्रातील एक उतारा त्याला समजावून सांगून तो पद्यात करायला दिला. दुसऱ्या सकाळी तो उत्तम कवन घेऊन आला. तेव्हा हिल्डा यांनी त्याला संसारी वेश टाकून संन्यासी होण्यास सांगितले, त्याला मठात घेतले आणि पवित्र इतिहास क्रमाने शिकवण्याची व्यवस्था केली. पारख, परीक्षा, आश्रय आणि शिक्षण, असा तो क्रम होता. ऐकलेले सर्व तो शास्त्राने शुद्ध मानलेला प्राणी रवंथ करतो तसे मनात घोळवून गोड पद्यात बांधी आणि त्याचे गुरूच त्याचे श्रोते होत, असे बीड म्हणतात. उत्पत्ती, इस्राएल लोकांचे मिसर देशातून निर्गमन, ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान, अंतिम न्याय, अशा अनेक विषयांवर त्याने गीते रचली.

त्यांपैकी आज फक्त ते पहिले नऊ ओळींचे स्तोत्र उरले आहे, पण ते वीसहून अधिक हस्तलिखितांत सापडते आणि सर्वांत जुनी प्रत आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. लॅटिन न जाणणाऱ्या लोकांपर्यंत शास्त्र त्यांच्या बोलीत, गाता येईल अशा छंदात, पोचवण्याचे हे काम होते. ओवी-अभंगांवर वाढलेल्या वाचकाला त्याचे मोल निराळे सांगायला नको.

त्यांचा शेवट कसा झाला?

६७४ च्या सुमारास त्यांना तापाचे दुखणे जडले आणि ते सहा वर्षे हटले नाही. या काळात त्यांनी प्रार्थना आणि शिकवणे थांबवले नाही, उलट त्याच शेवटच्या वर्षी व्हिटबीपासून तेरा मैलांवर हॅकनेस येथे एक नवा मठ स्थापन केला. सातव्या वर्षी दुखणे पोटात उतरले. १७ नोव्हेंबर ६८० रोजी पहाटे त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला, मठातील भगिनींना बोलावले, एकमेकांत आणि सर्वांशी शुभवर्तमानातील शांतता राखण्यास सांगितले आणि त्या बोलत असतानाच त्यांना मरण आले.

त्याच रात्री हॅकनेसच्या मठात बेगू नावाच्या व्रतस्थ स्त्रीला प्रार्थनेला किंवा कोणी गेल्यावर बोलावणारी घंटा ऐकू आली. डोळे उघडताच छप्पर उघडलेले, सारे प्रकाशाने भरलेले आणि त्या प्रकाशात देवदूत हिल्डा यांचा आत्मा वर नेत आहेत, असे तिला दिसले. ती रडत तेथील प्रमुख फ्रिगिथ हिच्याकडे धावली आणि सर्वजणी उठून पहाटेपर्यंत स्तोत्रे म्हणत राहिल्या. उजाडल्यावर व्हिटबीहून संन्यासी निरोप घेऊन आले. तो निरोप त्यांना आधीच ठाऊक होता.

त्यांच्यानंतर मठाचे काय झाले?

राणी एआनफ्लेड विधवा झाल्यावर व्हिटबीला आली होती. तिने आणि हिल्डा यांच्या मांडीवर वाढलेल्या एल्फ्लेडने मिळून मठ चालवला. एडविन राजाच्या अस्थी तेथे आणल्या गेल्या आणि पोप ग्रेगरी पहिले यांचे सर्वांत जुने चरित्र आठव्या शतकाच्या आरंभी याच मठातील कोणी तरी लिहिले. नवव्या शतकातील डॅनिश स्वाऱ्यांत मठ उद्ध्वस्त झाला. नॉर्मन विजयानंतर, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात, रेनफ्रिड नावाच्या संन्याशाने तेथे पुन्हा मठ वसवला, पण तो बेनेडिक्टाइन पुरुषांचा. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, तोही बंद करण्यात आला.

त्यांना संत म्हणून कधी जाहीर केले गेले? त्यांचा सण केव्हा असतो?

जाहीर केले गेले नाही, कारण त्या काळी तशी पद्धतच नव्हती. पोपने औपचारिक घोषणा केल्याचे पहिले निश्चित उदाहरण ९९३ मधील आहे. त्यापूर्वी स्थानिक लोकांची भक्ती आणि बिशपांची मान्यता यांतून संतपद आकाराला येई. संत विलिब्रॉर्ड यांच्या आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या दिनदर्शिकेत हिल्डा यांचे नाव आहे, म्हणजे त्यांच्या निधनानंतर थोड्याच दशकांत त्यांचे स्मरण होऊ लागले होते. कॅथलिक परंपरेत त्यांचा सण १७ नोव्हेंबरला, तर चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९ नोव्हेंबरला येतो. ऑक्सफर्डमध्ये १८९३ साली स्त्रियांसाठी निघालेल्या एका कॉलेजला त्यांचे नाव दिले गेले. आपल्या पुण्यातही सेंट हिल्डा या नावाची शाळा आहे. मुलींच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थांनी हे नाव निवडावे, याचे कारण वरील उत्तरांत आले आहे.

त्यांनी सापांचे दगड केले, ही कथा खरी आहे का?

ही कथा बीड यांच्याकडे नाही, ती पुष्कळ नंतरची आहे. मठासाठी जागा साफ करताना हिल्डा यांनी कड्यावरचे साप दगड करून टाकले आणि तेच किनाऱ्यावर वेटोळे घातलेल्या रूपात सापडतात, असे ती सांगते. ते ‘साप’ म्हणजे अमोनाइट. गोगलगायीसारखे वेटोळे कवच असलेले, पण कुळाने माकूळ आणि ऑक्टोपस यांना जवळचे असलेले हे सागरी प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाले. व्हिटबीचे कडे ज्युरासिक काळातील असून त्यांत हे जीवाश्म विपुल आहेत. जुने विक्रेते त्यांच्या टोकाला सापाचे डोके कोरून ते विकत. जीवाश्मशास्त्रज्ञांनी यांपैकी एका वंशाला ‘हिल्डोसेरास’ असे नाव दिले आहे आणि व्हिटबीच्या मानचिन्हात असे तीन साप आहेत.

आपल्याकडचे गंडकी नदीतील शाळिग्राम हेही अमोनाइटांचे जीवाश्मच. एकाच प्रकारच्या प्राण्याच्या अवशेषात एका ठिकाणी भाविकांनी विष्णूचे चक्र पाहिले आणि दुसऱ्या ठिकाणी संतांच्या प्रार्थनेने दगड झालेला साप. घरच्या देवघरात शाळिग्राम असलेल्या वाचकाने व्हिटबीचा ‘साप’ हातात घेतला, तर त्याला ते वेटोळे ओळखीचे वाटेल.

आज व्हिटबीला गेल्यास हिल्डा यांच्या काळातील काय पाहायला मिळते?

बंदराकडून एकशे नव्व्याण्णव पायऱ्या चढून वर गेले की कड्यावर उंच टोकदार कमानींचे भव्य भग्नावशेष दिसतात. पर्यटक त्यांनाच हिल्डा यांचा मठ समजतात. ते मध्ययुगाच्या उत्तरार्धातील बेनेडिक्टाइन चर्चचे अवशेष आहेत आणि डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांच्या तोफांनी त्यांची आणखी पडझड केली. हिल्डा यांचा मठ त्याच पठारावर होता, त्याची घरे साधी आणि छोटी होती आणि जमिनीवर त्यांतले काहीही उभे नाही. १९२० च्या दशकातील उत्खननात मात्र त्या काळच्या मठाच्या वस्तू बाहेर आल्या : वस्त्राला लावायच्या टाचण्या, मागाची वजने, ग्रंथांच्या बांधणीवरचे धातूचे तुकडे आणि मेणाच्या पाटीवर अक्षरे गिरवण्याच्या, एका टोकाला अणकुचीदार आणि खोडण्यासाठी दुसऱ्या टोकाला चपट्या अशा लेखण्या.